न काढलेला एक्स-रे

कीर्तनकार पद्मनाभ दासरूंनी देवळात उष्ट्या बोरांची कथा लावली की आमच्या कुंदापूरच्या पेठेतली दुकानं अर्धा तास लवकर बंद व्हायची. रानातली म्हातारी प्रभूची वाट बघत बोरं वेचते, एकेक चावून पाहते, गोड निघालं तर द्रोणात ठेवते, आंबट निघालं तर टाकून देते. कथा काही नवी नव्हे, देवळात बसलेल्या प्रत्येकाला ती आईच्या मांडीवरच कळलेली. पण दासरू त्या जागी आले की चिपळ्या थांबवायचे. पेटीवाल्याला नुसत्या डोळ्यांनी गप्प करायचे. आणि हातात नसलेलं बोर ओठांशी नेऊन समोरच्या दातांनी चावायचे. कट्. एवढाच आवाज, दातावर दात. तीनशे माणसांच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग ते डोळे मिटून चव बघत राहायचे, आणि चेहरा हळूहळू उजळला की आम्हाला कळायचं, हे बोर प्रभूसाठी ठेवायचं.

ही कथा मी अकरा वेळा ऐकली. अकराही वेळा रडलो. हरिकथेत रडायची मला लाज नाही. दिवसभर माणसांच्या तोंडात डोकावण्याचं काम केल्यावर संध्याकाळी देवळाच्या फरशीवर मांडी घालून डोळे पुसायला मिळणं, हे देवाचं देणंच आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढची हकीकत त्या समोरच्या दातांची आहे. ते दात गेले, आणि ते जाण्यात माझा हात आहे.

माझं नाव सुब्राय. डॉक्टर हेब्बारांच्या दातांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढतोय. थोरल्या डॉक्टरांच्या वेळी फिल्म असायची. बोटाच्या पेराएवढी चपटी पुडी, ती तोंडात धरायची, मग अंधाऱ्या खोलीत जाऊन औषधाच्या पाण्यात बुचकळायची आणि चिमट्याला लावून वाळत घालायची. दासरू तेव्हापासून आमच्याकडे येत. माध्व घरातले, सोवळं कडक. बाहेरगावी कथेला गेले तरी स्वतःचा तांब्या आणि स्वतःचं पंचपात्र सोबत. एक्स-रेच्या वेळी ते मला म्हणायचे, "सुब्राया, पुडी माझ्यासमोर खोक्यातून काढ बरं." मी काढायचो. पुडी कोरी आहे हे बघितलं की ते तोंड उघडायचे.

थोरले डॉक्टर गेले. त्यांची लेक शैलजा हिरड्यांचं शिकून आली आणि दवाखाना तिने हाती घेतला. चार वर्षांपूर्वी फिल्म बंद झाली आणि सेन्सर आला. आगपेटीहून थोडा लहान, कडक, मागे काळी वायर. तोंडात धरायचा, बटण दाबायचं, दोन सेकंदांत कॉम्प्युटरच्या पडद्यावर दात उभा. पाणी नाही, अंधार नाही. मला नवलच वाटलं. फक्त एक गोष्ट बदलली. फिल्म ज्याची त्याची असायची. सेन्सर मात्र एकच, आणि तोच दिवसभर सगळ्यांच्या तोंडात. दर वेळी त्यावर नवी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, झाल्यावर पिशवी फेकायची, सेन्सर औषधाने पुसायचा. त्यात घाण काही राहत नाही. पण घाण वेगळी आणि उष्टं वेगळं, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

सेन्सर आल्यानंतर दासरू पहिल्यांदा आले ते चातुर्मास्य लागल्यावर, शाकव्रताच्या, म्हणजे भाज्या वर्ज्य असलेल्या महिन्यात. खालची डावी दाढ ठणकत होती. सोबत जलजाक्षम्मा, त्यांची पत्नी. डॉक्टरांनी दाढ पाहिली आणि मग बारीक खुणा असलेली सळई हिरडीच्या कडेने एकेका दाताशी घालून मोजत गेल्या. सळई उकळत्या वाफेतून निघालेली, त्याबद्दल दासरूंची तक्रार नव्हती. धातू विस्तवाने शुद्ध होतो.

"दासरू, विडा किती?"

"कथेनंतर एक."

"एकच," मागून जलजाक्षम्मा म्हणाल्या. "कथेनंतर सुरू होतो आणि झोपेपर्यंत संपत नाही. आणि तंबाखूची चिमूट कोण सांगणार, डॉक्टर? ती काय माझ्या पानात असते?"

"हिला सगळं मोजायला हवं," दासरू तोंड उघडं ठेवूनच म्हणाले.

"वरच्या पुढच्या दोन दातांत ही फट कधीपासून?"

"ती देवाने दिलीय."

"मागच्या दिवाळीत दिली," जलजाक्षम्मा म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या, पण सळई परत एकदा त्या दोन दातांच्या मधे घातली. मग हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. हिरडी म्हणजे कुंडीतली वरची माती, त्या सांगू लागल्या, वरून सगळं ठीक दिसतं. तंबाखू खाणाऱ्याची तर रक्तही फारसं गाळत नाही, उलट घट्ट दिसते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. खरा प्रश्न खालच्या हाडाचा. दात उभा असतो हाडाच्या जोरावर. ते किती झिजलंय, सगळीकडून सारखं उतरलंय की एकाच बाजूने खाच पडलीय, हे सळईला अर्धवट कळतं. नीट बघायचं तर एक्स-रे हवा. खाच असेल तर ती भरता येते. सगळं सपाट उतरलं असेल तर फार काही हातात राहत नाही.

"म्हणून वेळेवर बघायचं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सुब्रायण्णा, दाढेचा मोठ्या मशीनवर आलेला चालेल. पण वरच्या पुढच्यांचे छोटे मला हवेतच. तीन काढा."

दासरू एक्स-रेच्या खोलीच्या दाराशी आले तेव्हा आत एक बस कंडक्टर होता. त्याचं संपवून मी सेन्सर बाहेर काढला, पिशवी ओढली. पिशवीसोबत लाळेची तार लांबवर आली आणि तुटली. कंडक्टर तोंड पुसत निघून गेला. मान वर केली तर दासरू चौकटीत उभे, उपरणं छातीशी धरून. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"पूर्वी तू पुडी फोडायचास," ते म्हणाले.

"हो दासरू. आता फिल्म मागवत नाहीत. सगळ्यांना हेच."

"हं."

एवढंच. मी सेन्सर पुसत राहिलो, गरजेपेक्षा जास्त वेळ. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते अजून लख्ख आठवतं. हा माणूस परक्या घरचं पाणी पीत नाही. व्रताचे महिने आहेत. ज्या तोंडातून देवाचं नाव निघतं त्या तोंडात मी कंडक्टरच्या तोंडातली वस्तू घालायची? आणि त्यांना स्वतःच्या तोंडाने नको म्हणायला लावायचं? ते भिडस्त आहेत, बोलणार नाहीत, आतल्या आत कुढतील. त्यांच्या मनातलं मला न सांगता कळतं, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता.

"दासरू, राहू द्या," मी म्हणालो. "बाहेरच्या मशीनवर काढतो. तोंडात काही घालायला नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने मी आठवडाभर खूश होतो.

मोठं मशीन म्हणजे माणसाने उभं राहायचं, हनुवटी टेकायची, आणि मशीनचा हात डोक्याभोवती एक फेरी घालतो. सगळा जबडा एका चित्रात येतो. पण तिथेही पुढच्या दातांनी एक प्लास्टिकची खुंटी चावून धरावी लागते, म्हणजे ते दात नेमक्या जागी येतात. ती खुंटीही सगळ्यांची. मी ती काढून ठेवली आणि तिच्या जागी हनुवटीची वाटी बसवली. ती वाटी बोळक्या म्हाताऱ्यांसाठी असते, ज्यांच्या तोंडात चावायला दातच नाहीत. दासरूंचे बत्तीसातले अठ्ठावीस शाबूत. मी त्यांना त्या वाटीवर उभं केलं.

चित्र आलं. दाढा स्वच्छ. पुढचे दात मात्र धुरात उभे असल्यासारखे, त्यांच्यावर मानेच्या मणक्यांची पांढुरकी सावली.

"हे काय, सुब्रायण्णा?" डॉक्टर पडद्याजवळ वाकून म्हणाल्या. "पुढचं काहीच कळत नाही. छोटे का नाही काढलेत?"

"त्यांना उमळतं, डॉक्टर. दोनदा बघितलं. घशाशी येतं."

एकदाही बघितलं नव्हतं. एकतीस वर्षांत मी त्या खोलीत खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र ते इतक्या सहज निघालं की मलाच ते खरं वाटलं.

"बरं, दाढेचं आटोपलं की घसा बधिर करणारा फवारा मारून काढू," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटरवर दासरूंच्या नावापुढे नोंद केली. आमच्याकडे राहिलेलं काम पिवळ्या ओळीत दिसतं. 'वरचे पुढचे एक्स-रे बाकी.' चित्र जोडलं की ओळ जाते, नाहीतर न काढण्याचं कारण लिहिलं की जाते.

दाढेची खोल सफाई दोन खेपांत झाली. दिवाळीनंतर दासरू परत आले तेव्हा डॉक्टर बहिणीच्या लग्नाला म्हैसूरला गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरने दाढ पाहिली, हिरडी छान भरलीय म्हणाला. पिवळी ओळ तशीच होती. त्याने मला विचारलं, "हे बाकी आहेत वाटतं?"

"त्यांना सोसत नाही," मी म्हणालो. आणि त्याच्या देखत तेच कारणाच्या रकान्यात टाइप केलं. 'रुग्णाला सोसत नाही.' ओळ गेली. आता दासरूंना पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. मी त्यांना एका अवघड प्रसंगातून सोडवलं असं मला वाटलं. बाहेर ते बाकावर बसले होते. मला म्हणाले, "झालं का रे सगळं?"

"झालं," मी म्हणालो.

त्यानंतर दोन वर्षं दासरू दवाखान्यात आले नाहीत. का यावं? दुखत काही नव्हतं. शिमोग्याकडच्या गावांतून त्यांना बोलावणी असायची, महिना महिना तिकडेच. मी पेठेत भेटलो की विचारायचो, तब्येत कशी, कथा कुठे. दातांचं मात्र कधी विचारलं नाही. माझ्या मनाचा तो कोपरा मी पुसून टाकला होता.

गेल्या वर्षी रामनवमीच्या कथेला बसलो होतो. सीतेचं वर्णन चाललं होतं आणि 'सीता' म्हणताना बारीक शीळ आली. शेजारचा माणूस म्हणाला, "आवाज बसलाय वाटतं दासरूंचा." आवाज बसला नव्हता. मी समईच्या उजेडात त्यांच्या ओठांकडे बघितलं. वरचे पुढचे दोन दात पंख्यासारखे पुढे आले होते. मधली फट आता दुरूनही दिसत होती. त्या दिवशी कथेतलं एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

चार दिवसांनी मीच त्यांच्या घरी जाऊन त्यांना दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी बोट लावलं तर दात हलले, पुढे मागे. त्यांनी काही बोलण्याआधी फवाऱ्याची बाटली उचलली आणि आमच्यामागून एक्स-रेच्या खोलीत आल्या. "मी थांबते इथे. उमळलं तर मारू."

मी नवी पिशवी चढवली. दासरूंना म्हणालो, "तोंड उघडा." त्यांनी सेन्सरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उघडलं. तो कडक तुकडा टाळूला टोचतो, सगळ्यांनाच टोचतो. मी एकामागून एक पाच चित्रं काढली. दासरू देवळातल्या मूर्तीसारखे बसून होते. घशातून आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. डॉक्टरांनी फवाऱ्याची बाटली उघडलीसुद्धा नाही.

पडद्यावर दात उभे राहिले. हाड पांढरं दिसतं, ते दाताच्या मानेशी बिलगून असायला हवं. इथे दातांची मुळं काळ्या पोकळीत लोंबत होती आणि फक्त टोकाशी, मुळाच्या शेवटच्या कणाशी, पांढरी कड उरली होती. नव्या यंत्राचं चित्र फार स्वच्छ असतं. पडदा मोठा करून बघता येतो. मी कितीही मोठा केला तरी तेच होतं.

दासरू बाहेर जाऊन बसले. डॉक्टर पडद्यासमोरून हलल्या नाहीत.

"यांना उमळत नाही, सुब्रायण्णा," त्या म्हणाल्या.

मी सेन्सरवरची पिशवी ओढून काढली.

"दोन वर्षांपूर्वी दोनदा बघितलं म्हणालात."

मग मी सांगितलं. कंडक्टर, लाळेची तार, खुंटी, वाटी, पिवळी ओळ. सांगताना माझी नजर त्यांच्या चपलांवर होती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" त्या हळू म्हणाल्या. "उष्ट्याचं मला कळत नाही का? मी या गावची नाही? उडुपीत एक म्हातारे डॉक्टर अजून फिल्मवर काढतात, सोवळ्याचे किती पेशंट मी त्यांच्याकडे पाठवलेत. एक चिठ्ठी लिहून दिली असती. पुडी फोडून काढला असता त्यांनी."

हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"तेव्हा काढला असता तर वाचले असते?"

त्यांनी चित्र पुन्हा एकदा मोठं केलं. "सांगता येत नाही. पान-तंबाखू चालूच होतं. तेव्हाही सगळं सपाट उतरलेलं असतं तर मी फार काही केलं नसतं. एका बाजूला खाच असती तर उघडून भरली असती, दहा वर्षं निघाली असती कदाचित. आता तर सगळंच गेलंय, खाच होती की नव्हती ते या चित्रावरून कसं कळणार? ते त्याच चित्रात होतं."

जे चित्र काढलंच नाही त्यात काय होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मशीनही नाही आणि डॉक्टरही नाही. वाचले नसते, असं ठरलं असतं तर मी सुटलो असतो. वाचले असते, असं ठरलं असतं तर निदान माझा गुन्हा पुरा झाला असता. मला यातलं काहीच मिळालं नाही.

दात काढायचे ठरले, वरचे चार. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी दासरूंच्या घरी गेलो. ते ओसरीवर तुळशीची मंजिरी वेचत बसले होते. जलजाक्षम्मांनी न विचारता माझ्यासमोर अळूच्या पानांचे पत्रोडे आणून ठेवले. मी बशीला हात लावला नाही आणि सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं.

पहिल्यांदा बोलल्या त्या जलजाक्षम्मा. "यांच्या सोवळ्याचं ओझं तुम्ही कशाला उचललंत? चाळीस वर्षं मी उचलतेय, मला विचारायचं. मी सांगितलं असतं, लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात यांनी माझ्या ताटातला लाडू पळवून खाल्ला होता."

"तो लाडू होता," दासरू म्हणाले.

"आणि हा दात होता," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

दासरू मंजिरी वेचत राहिले. मला वाटलं, आता ते त्या म्हातारीचं बोलतील, उष्ट्या बोरांचं. बोलतील की देवाने खाल्लं तर मी कोण. तसं म्हणाले असते तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

"ती कथा तू किती वेळा ऐकलीस, सुब्राया?"

"अकरा वेळा."

"मी दोनशेच्या वर सांगितली. तरी त्या दिवशी ती लाळेची तार बघून मी उपरणं छातीशी आवळलं. तू माझं मन बरोबर वाचलंस. त्यात तुझं चुकलं नाही."

मी मान वर केली.

"पण मला वाटलं होतं तू विचारशील," ते म्हणाले. "दासरू, हे असं असं आहे, ही पिशवी नवी आहे, घालू का? एवढंच. विचारलं असतंस तर मी काय म्हणालो असतो, ते मला ठाऊक नाही. नको म्हणालो असतो, तर दोनशे वेळा लोकांना काय सांगत आलो ते त्या दिवशी मला कळलं असतं. घाल म्हणालो असतो, तरी कळलं असतं. माझं उत्तर तू देऊन टाकलंस बाबा. मला ते देता आलं नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मंजिरीचं तबक बाजूला केलं आणि बशी माझ्याकडे सरकवली. "खा. थंड झाले की हिला राग येतो." मी खाल्ले. कशाची चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी दात निघाले. दोन महिन्यांनी टाळूला बसणारी कवळी झाली, चार दातांची, दिसायला मूळच्या दातांहून सरळ. डॉक्टरांनी ती त्यांच्यासमोर उकळून थंड केलेल्या पाण्यात धुतली आणि विचारलं, "घालू?" दासरू म्हणाले, "घाला." हे मी खोलीच्या दारातून ऐकलं.

हल्ली मी प्रत्येकाला विचारतो. पिशवी त्याच्यासमोर पाकिटातून काढतो, चढवतो, सांगतो की सेन्सर सगळ्यांचा आहे आणि पिशवी तुमची एकट्याची. बहुतेकांना हे ऐकून कंटाळा येतो. एक भटजी म्हणाले, "अरे, लवकर काढ, मला बस आहे." एक आजी नको म्हणून उठून गेल्या, त्यांना डॉक्टरांनी उडुपीची चिठ्ठी दिली. प्रत्येक वेळी तोंडून ते वाक्य निघालं की मला वाटतं, किती लहान वाक्य आहे.

कार्तिकातल्या दीपोत्सवाला देवळात कथा ठरली, आणि देवस्थानवाल्यांनी लोकांना विचारून उष्ट्या बोरांचीच लावली. मी जाणार नव्हतो. जलजाक्षम्मांनी निरोप पाठवला, "सुब्राय आला नाही तर कथेत दासरू त्यालाच शोधत बसतील." म्हणून गेलो. खांबाला टेकून बसलो, मागे. माझ्या पुढे मंगळूरहून आलेलं एक कुटुंब होतं, दासरूंना पहिल्यांदाच ऐकायला आलेलं.

दासरू उभे राहिले. पायात चाळ, हातात चिपळ्या, आवाज तोच. 'स' आणि 'त' आता स्वच्छ येत होते, कवळी चांगली बसली होती. फक्त चढ्या सुरात तोंड पूर्ण उघडताना ते क्षणभर जपून घेत होते, बांधावरून पडू नये म्हणून माणूस घेतो तसं. हे दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. मी दातांकडे बघतच जगलेला माणूस आहे.

म्हातारी रानात गेली. काट्यांनी हात रक्ताळले. बोरं द्रोणात जमली. दासरूंनी चिपळ्या थांबवल्या, पेटीवाल्याकडे बघितलं. पेटी गप्प झाली. त्यांनी हातात नसलेलं बोर ओठांशी नेलं.

देवळात जुने ऐकणारे सगळे पुढे झुकले. मीही झुकलो, नको असताना.

डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, पुढच्या चार दातांनी काही चावायचं नाही, कवळी निसटेल. दासरूंनी बोर ओठांवरून हळूच गालाकडे नेलं, दाढेखाली धरलं आणि तोंड मिटून चावलं. आवाज झाला नाही. ते डोळे मिटून चव बघत राहिले. बराच वेळ. मग चेहरा उजळला, पूर्वी उजळायचा तसाच, आणि त्यांनी ते बोर द्रोणात ठेवलं.

माझ्या पुढची मंगळूरची बाई पदराने डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "काय सांगतात हो हे." तिला काही कमी पडलं नव्हतं. पेटी पुन्हा सुरू झाली, लोकांनी टाळ्यांवर ठेका धरला. मी खांबाला टेकून बसलो होतो आणि न झालेला तो आवाज ऐकत होतो.